अर्धी दाढी

मी पिशवी बोलतेय. नाक मुरडलंत तरी चालेल, मला सवय आहे. बाजारात नेतात ती नव्हे हो, पोटातली आहे मी. आतड्याची.

जन्माने मी लहान आतड्याचं शेवटचं टोक. माझा मालक सलूनमध्ये दाढी-कटिंग करतो. आजाराने त्याचं मोठं आतडं पार सडलं, रक्त पडू लागलं, तेव्हा सर्जनबाईंनी ते काढून टाकलं. मग मला छत्रीच्या मुठीसारखं वळवलं, शिवलं आणि खाली गुदद्वाराशी जोडून दिलं. जखमा भरेपर्यंत मला कोरडंच ठेवलं होतं. मालकाच्या पोटाला भोक पाडून त्यावर चिकटवलेली प्लास्टिकची पिशवी माझं काम करायची. तिच्यावर मी जळायचे. काय वेडी होते!

नंतर ते भोक बुजवलं आणि सगळं माझ्या अंगावर येऊन पडलं. पातळ, आंबट, आग आग करणारं. मी जन्मात कधी काही साठवलं नव्हतं! जरा भरलं की मी घाबरायचे, त्याला कळ यायची आणि तो धावत सुटायचा. दाराबाहेरून त्याची बायको म्हणायची, "अहो, मलम आत ठेवलंय."

नर्सबाईंनी बजावलं होतं, "कळ आली की लगेच पळू नका, जरा दम धरा. पिशवी हळूहळू सैलावेल. पण नुसता वारा आहे असं वाटलं, तरी इतक्यात तिच्यावर विसंबू नका." खरंच होतं ते. वारा कुठला आणि मळ कुठला, मलाच उमगत नव्हतं.

मालक दम धरायला शिकला, मीही सैलावायला शिकले. मग काय, स्वारी कामावर निघाली! बायको म्हणाली, "पॅड लावून जा."

"मी काय तान्हं बाळ आहे?"

सलून दोघा भावांचं. दोनच खुर्च्या, एक थोरल्याची, एक याची. वडिलांनी दोघांना हात धरून शिकवलेलं, आणि त्यांचा एकच दंडक होता. अर्धी दाढी सोडून खुर्चीपासून हलायचं नाही, जग बुडालं तरी.

गिऱ्हाइकाचा एक गाल झाला होता, वस्तरा गळ्याशी होता, तेव्हा मी भरले. मालकाने दम धरला. पुन्हा कळ आली. संडास मागेच होता, पण अर्धी दाढी सोडायची कशी? वाराच असेल, अशी त्याने मनाची समजूत घातली आणि जरासं सोडलं.

वारा नव्हता.

गिऱ्हाईक डोळे मिटूनच म्हणालं, "कसला वास येतोय हो?"

"मागचं गटार तुंबलंय," थोरला म्हणाला आणि त्याने भावाच्या हातातला वस्तरा काढून घेतला. मालक भिंतीला पाठ घासत मागच्या दाराने बाहेर पडला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेव्हापासून तो घरीच बसलाय आणि त्याने जेवणच टाकलंय. "खाल्लंच नाही, तर येणार काय?" म्हणतो. बायको ताट पुढे करून हात जोडते. पण बाबा रे, रिकामी असले तरी माझ्यात रस उतरतातच, आग होते, कळ येतेच! त्याच्या बरगड्या वर आल्यात. तो असाच उपाशी जाईल आणि तरी मी गप्प बसणार नाही, हे त्याला कोण सांगणार?

आज थोरला घरी आला. "तुझ्या खुर्चीवर दुसरा माणूस घेतलाय," खाली बघत म्हणाला. "खोटं कशाला बोलू? दुकान चालवायला लागतं. पण तुझा वस्तऱ्यावरचा हात मी जाऊ देणार नाही." संडासाच्या दाराशीच त्याने स्टूल ओढलं, स्वतःच्या तोंडाला फेस लावला आणि वस्तरा पुढे केला. "चल, कर."

एक गाल झाला आणि मी कळवळले. मालकाचा हात थांबला, पाय मात्र हलेनात.

"जा ना!"

"दादा, अर्धी..."

"अर्धी तर अर्धी! बसलोय मी."

तो आत गेला. नुसता वारा होता. तिथे बसून तो हमसून हमसून रडला. बाहेर आला तेव्हा थोरल्याच्या गालावरचा फेस वाळून गेला होता. मालकाने वस्तरा उचलला, तसा थोरल्याने त्याचा हात धरला.

"आधी जेव. तू जेवल्याशिवाय उरलेली करून घेणार नाही. उद्या दुकानात असाच जाईन."

बायकोने ताट आणून ठेवलंय. मी कधी नीट शिकेन की नाही, मलाच ठाऊक नाही. फसवीनही पुन्हा. पण मालका, उपाशी नको रे राहूस. मी हाक मारली की वस्तरा खाली ठेवत जा, कुणी रागावणार नाही. बघ, तुझा दादा अर्ध्या दाढीने बसलाय. उचल घास.