बर्नर विकायचा आहे

वृषालीने ऑक्सिजनच्या मशीनवरून नाकात लावायची नळी काढली, गुंडाळून कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि तिच्या जागी बर्नरची रबरी नळी बसवली. सैल राहिली का, हे दोनदा ओढून पाहिलं. मशीनवर सहा महिन्यांची धूळ होती. ती तिने पुसली नाही.

मागच्या पडवीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून सुंदरबाई पाहत होत्या. घरी काचेचे मणी करायचं सामान विकायचं आहे, असं वृषालीने मोबाईलवर टाकलं होतं. धुळ्यातल्याच कुण्या कॉलेजच्या मुलीचा फोन येईल असं तिला वाटलेलं. आल्या त्या या, पाचोऱ्याहून, सकाळच्या बसने, एकट्या. साठी ओलांडलेल्या, अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या.

"हाई बठ्ठं विकी टाकस?"

"हो मावशी. मशीन, बर्नर, काचेच्या कांड्या. सगळं."

"का बरं?"

"आता करत नाही मी."

मशीन मुळात मण्यांसाठीच घेतलेलं होतं, ज्योत जास्त तापावी म्हणून. मग तिच्या सासऱ्यांची, आधारनानांची, फुफ्फुसं थकली आणि मशीन पडवीतून त्यांच्या खाटेशी गेलं. चौदा महिने ते तिथे घरघरत राहिलं. गोळ्या, पेज, कूस बदलणं, सगळं वृषालीने केलं. नाना गेले. पुण्यानुमोदनाला आलेल्या बायका म्हणाल्या, सुटलीस बाई, आता कर तुझे मणी. तिलाही तसंच वाटलं होतं. पण टेबलापाशी बसलं की हात मांडीवर पडून राहत. रडू येत नव्हतं, रागही येत नव्हता. काय होतंय, असं नवरा प्रशील विचारी. काही नाही, ती म्हणे, आणि ते खोटं नव्हतं.

"पेटाडी दाखाड ना एकदा," सुंदरबाई म्हणाल्या. "मी बठ्ठं मोबाईलवर दखेल शे. हात नही लायेल."

तिने बटण दाबलं. घरघर सुरू झाली. आतून प्रशील दारात आला, नानांच्या खोलीकडे एकदा पाहिलं, मग मशीनकडे.

"मी रिक्षा बघून येतो," तो म्हणाला. "सामान स्टँडवर न्यायला."

काही वाटेल म्हणून ती थोडा वेळ थांबली. काही वाटलं नाही. तिने ज्योत पेटवली.

मातीचा लेप दिलेली सळई एका हातात, पांढरी कांडी दुसऱ्या. काच मऊ झाली, सळईभोवती गुंडाळली गेली. वृषाली सांगत होती, सळई फिरवत राहायची, थांबलं की मणी एका बाजूला लोंबतो. तिचा आवाज औषधाच्या वेळा सांगावा तसा होता. मणी गोल झाला. त्यावर तिने हिरवा ठिपका दिला. तो पसरला.

"चांगला शे की," सुंदरबाई म्हणाल्या.

वृषालीने जिभेने 'च्' केलं. ठिपका चिमट्याने ओढून काढला, पुन्हा दिला. पुन्हा पसरला. दाखवायचं ते दाखवून झालं होतं, तरी तिने मणी ज्योतीतून काढला नाही. कांडी थोडी दूर धरली, टोक बारीक होईस्तोवर थांबली आणि तिसऱ्यांदा ठिपका दिला. मग मणी हळूहळू निवावा म्हणून सळई राखेच्या डब्यात खुपसली, नवी घेतली आणि सुंदरबाईंच्या हातात दिली.

त्यांचा पहिला मणी लोंबला. दुसऱ्याच्या वेळी वृषालीने त्यांचं कोपर खालून धरलं.

"फिरवा. घाई नको. आता ठिपका. टेकवायचा आणि सोडायचा."

चहा झाला. राखेतले मणी निवेपर्यंत दोघी पडवीतच बसल्या. सुंदरबाईंनी आपली दुसरी सळई पाण्यात बुडवून मणी सोडवला आणि पदराला पुसला. पाच ठिपके, पाचही गोल, एका रेषेत. वृषालीने तो हातात घेऊन उजेडाकडे धरला, बराच वेळ पाहिला आणि परत दिला.

बाहेर रिक्षाचा हॉर्न वाजला. प्रशील आत आला, वाकून मशीनची वायर गुंडाळू लागला.

"राहू द्या," वृषाली म्हणाली.

तो तसाच वाकलेला राहिला. "का? ठरलं ना तुमचं?"

"ठरलंय. पण मावशींना पुढच्या रविवारी यायला लागेल. अजून एक-दोनदा तरी. त्यांना ठिपका जमत नाहीये."

प्रशीलने सुंदरबाईंकडे पाहिलं. त्यांनी मण्यावर मूठ मिटली.

"नही ना जमत," त्या म्हणाल्या, आणि पिशवी उचलून रिक्षाकडे निघाल्या.