घाटाआधीचे अठरा तास

मी संकर्षणच्या मनगटावरचा डाइव्ह कॉम्प्युटर बोलतोय. दिसायला मी जाडसर घड्याळ. पण किती वाजले हे माझ्या लेखी दुय्यम. माणूस पाण्यात किती खोल आहे, किती वेळ आहे, त्याच्या अंगात नायट्रोजन वायू किती मुरला असेल, याचा मी क्षणाक्षणाला अंदाज बांधतो. माणूस भराभर वर आला, तर सोड्याची बाटली उघडावी तसा तो वायू अंगात फसफसतो.

संकर्षण म्हैसूरचा, कडकोळच्या कारखान्यात इंजिनिअर. मला खोक्यातून काढलं तेव्हा त्याच्या आईनं, तुंगाबाईंनी, उलटसुलट करून पाहिलं. “अय्यो, येवढं जाड घड्याळ कशाला रे?” माझं माहितीपुस्तक त्यानं न उघडताच कपाटात टाकलं. बहुतेक माणसं हेच करतात. त्याची थोरली बहीण हरिणी शाळेत भूगोल शिकवते; तिनं मात्र ते पानन्‌पान वाचलं.

गेल्या डिसेंबरात दोघं समुद्रात डुबक्या मारायला म्हणून मुरुडेश्वरला गेली. हरिणी होडीतच बसली. दुसऱ्या डुबकीत संकर्षण चोवीस मीटरवर होता, वर निघायची वेळ झाली होती. तेवढ्यात एक कासव वर जाताना दिसलं आणि हा कॅमेरा घेऊन त्याच्यामागे सुटला. मी जिवाच्या आकांतानं वाजलो. पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं असतं. तो थांबलाच नाही.

“इतकं वाजत होतं, ऐकू आलं नाही?” प्रशिक्षक वादिराज होडीत ओरडले.

“आलं की सर. पण कासव केवढं होतं!”

दुपारी माझ्या पडद्यावर विमानाचं चिन्ह आणि अठरा तास असा आकडा होता. इतका वेळ उंचावर जायचं नाही, असा त्याचा अर्थ. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तुंगाबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. संकर्षण बॅगा गाडीत टाकू लागला.

हरिणीनं मला बघितलं. “आत्ता निघायचं नाही.”

“अक्का, आपण विमानानं कुठं चाललोय? कारनंच की!”

“आणि घाट कोण चढणार? म्हैसूर समुद्रापासून अडीच हजार फूट वर आहे. वर हवेचा दाब कमी. तुझ्या अंगाला विमान काय, घाट काय, एकच.”

“अम्माला काय सांगू? कासव बघत बसलो म्हणून?”

हरिणीनं आईलाच फोन लावला. तुंगाबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. “बेडा, बेडा, नको, आत्ता येऊ नका. मी डॉक्टरांना सांगून पुढची तारीख घेते. डोळा काय पळून जातो?”

संकर्षण पायरीवर बसला. खांदा चोळत राहिला. मग हळूच म्हणाला, “अक्का, होडीतून उतरल्यापासून खांदा ठणकतोय. बोटांना मुंग्या येतायत. सिलिंडर उचलल्यामुळं असेल म्हणून बोललो नाही.”

हरिणीचा चेहरा उतरला. तिनं वादिराजना हाक मारली. त्यांनी लगेच प्राणवायू लावला, डॉक्टरांना फोन केला आणि किनाऱ्याकिनाऱ्यानं, कुठलाही घाट न चढता, त्याला दाबकक्ष असलेल्या रुग्णालयात नेलं; त्या बंद खोलीत हवेचा दाब वाढवून अंगातले बुडबुडे विरघळवतात. माझ्यात बॅटरी, तिथं आगीची भीती, म्हणून मला आत प्रवेश नाही. मी हरिणीच्या मुठीत होतो; तिचा हात घामानं भिजला होता. डॉक्टरांनी माझ्यातली नोंद पाहिली, तो किती वेगानं वर आला ते लिहून घेतलं. पाच तासांनी तो बाहेर आला आणि दहाही बोटं हलवून दाखवली. तेव्हा कुठं ती रडली.

“घाट चढला असता, तर हाताची खात्री देता आली नसती,” डॉक्टर म्हणाले.

तुंगाबाईंचं ऑपरेशन पंधरा दिवसांनी नीट पार पडलं. संकर्षणला सध्या डुबकीची मनाई आहे. रविवारी तो मला पुसतो, माहितीपुस्तकातली चार पानं वाचतो. मला त्याचा राग नाही.

पाण्यात जाणाऱ्यांनो, मी वाजलो की थांबा. विमानाचं चिन्ह दिसलं की डोंगरही आठवा. पण माझ्यावरच सगळं सोपवू नका. मला खोली कळते, वेळ कळतो. खांद्यातली कळ मला कळत नाही. ती तुम्हीच, वेळेवर, कुणाला तरी सांगा.