अप्पालिकची तिसरी जागा

अप्पालिक बेटावर एकतीस माणसं राहतात, नव्वदएक कुत्री राहतात आणि तिघांची एक ग्रामपरिषद बसते. ती बसती राहावी, यापलीकडे एनोकला आयुष्यात आता फारसं काही नको होतं. गेली बावीस वर्षं तो तिचा अध्यक्ष होता.

नियम सोपा होता. मार्चातल्या त्या गुरुवारी दुपारी बारापर्यंत तीन उमेदवारांची नावं पालिकेच्या शहरात पोचली, तर परिषद राहणार. दोनच पोचली, तर ती मोडणार आणि अप्पालिक समोरच्या किनाऱ्यावरच्या नूक्काक गावाला जोडलं जाणार. नूक्काकच्या लोकांना सील नीट सोलता येत नाही, एवढं एनोक सभ्यपणे सांगायचा. बाकीचं सांगायचा नाही.

बेटाचा इतिहास तसा मोठा आहे. आधी देवमाशांमागे परदेशी गलबतं आली. त्यांनी बेटाला कुठल्याशा राणीचं नाव दिलं आणि नकाशात ते सात मैल पश्चिमेला, भर समुद्रात काढलं. मग डेन्मार्कचा पाद्री आला, पाठोपाठ व्यापारी. एकोणऐंशी साली अख्ख्या ग्रीनलंडला गृहराज्य मिळालं, दोन हजार नऊ साली स्वराज्य. दर वेळी कचेरीवरची पाटी बदलली आणि आत तेच लोक तीच कॉफी पीत राहिले. पण ते लोक अप्पालिकचे होते, आणि एनोकच्या मते स्वराज्य म्हणजे तेवढंच.

तर एनोकने तीन नावं पाठवली. एक स्वतःचं, दुसरं वहिनीचं, म्हणजे रेगीनाचं, आणि तिसरं थोरल्या भावाचं, तितुसचं. गेल्या वेळीही हीच तीन होती.

तितुस नोव्हेंबरात वारला होता.

यात एनोकची लबाडी होती असं कोणी म्हणेल, तर तो अन्याय होईल. तितुस गेला आणि एकोणीस दिवसांनी शेजारच्या निवीला मुलगा झाला. माणूस गेला की त्याचं नाव पुढच्या बाळाला द्यायचं, आणि नावाबरोबर माणूसही परत येतो, हे अप्पालिकमध्ये कोणी कोणाला समजावत बसत नाही. रेगीना त्याच दिवशी लोकरीचे मोजे घेऊन गेली, पाळण्याशी वाकली आणि म्हणाली, "अहो, कुठे होतात इतके दिवस?" तेव्हापासून ती रोज सकाळी नवऱ्याला आंघोळ घालायला जाते आणि तो पूर्वीसारखाच पाण्याला घाबरतो म्हणून सांगत सुटते. एकसष्ट वर्षांचा एनोक त्या मुलाला दादा म्हणतो. आणि दादाची आई म्हणून बावीस वर्षांची निवी एनोकचीही आई लागते. ती त्याला 'एनोकबाळ' म्हणते. त्याला ते फार आवडतं असं नाही, पण आईला काय बोलणार?

फॉर्म भरताना त्याने रीतसर विचारलंही होतं, की दादा, यंदाही उभा राहतोस ना? दादाने त्याचं बोट घट्ट धरलं. तितुस पूर्वीही होकार देताना फारसं बोलत नसे. एनोकने गेल्या वेळचा फॉर्म शेजारी ठेवून नाव आणि नोंदणीक्रमांक उतरवून काढला.

गुरुवारी अकरा वाजता पालिकेतून फोन आला. कचेरीत एनोक आणि रेगीना होते. कपडे धुण्याची यंत्रं त्याच इमारतीत असल्यामुळे निवीही बाळाला अंगरख्याच्या पाठीवरच्या मोठ्या टोपीत बसवून आली होती.

फोनवरची मुलगी आवाजावरून तरुण होती आणि अवघडलेली होती. तिने विचारलं की तितुस चार नोव्हेंबरला वारल्याची नोंद आहे, ते बरोबर का.

"बरोबर," एनोक म्हणाला. "पेटी मीच केली त्याची."

"मग ते उमेदवार कसे, काका?"

"तेवीस तारखेला आला ना तो."

मुलीने खालच्या आवाजात सांगितलं, की ती स्वतःही तिच्या आजोबांची आई आहे, घरी आजोबा तिच्या पाया पडायचे बाकी ठेवतात. पण इथे त्यासाठी रकाना नाही. इथे एक तर माणूस मेलेला असतो, नाही तर अठराच्या खालचा असतो.

"दोन्ही असला तर?"

"तर दोनदा बाद होतो, काका."

एनोकला हे पटलं नाही, पण कुठे पटलं नाही तेही सापडेना. चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाला लहान कसं म्हणायचं? आणि समोर जांभई देणाऱ्या माणसाला मेलेला? मुलगी म्हणाली, बारापर्यंत तिसरं नाव द्या.

आता तिसरं आणायचं कुठून? त्याने हिवाळाभर दारं ठोठावली होती. कोणाला शिकारीला जायचं होतं, कोणाची कंबर धरली होती, एकाने तर बायको नको म्हणते असं सांगितलं आणि त्याला बायकोच नव्हती. परिषद सगळ्यांना हवी होती, तिच्यात बसायचं कोणालाच नव्हतं. फक्त निवीला त्याने विचारलं नव्हतं. ती गावसभेत म्हणाली होती, की या परिषदेने एवढ्या वर्षांत एकच धक्का बांधला आणि तोही होडी लागत नाही त्या बाजूला. एनोकने ते मनावर घेतलं नव्हतं, फक्त विसरला नव्हता.

"माझं नाव सांगा," निवी म्हणाली.

एनोकने फोनवर हात ठेवला. "आई, तुला तर परिषद नको होती."

"ही नको होती. परिषदच नको, असं मी कधी म्हटलं?"

"दादाला विचारलंस?"

"चार महिन्यांच्या मुलाला विचारून कोणी राज्य चालवतं का, एनोकबाळ?"

"चौऱ्याहत्तर," रेगीनाने दुरुस्ती केली.

बाराला दहा कमी असताना एनोकने नाव सांगितलं.

जागा तीन आणि उमेदवार तीन, त्यामुळे मतदान झालंच नाही. एप्रिलच्या पहिल्या बैठकीत अध्यक्ष निवडायचा होता. एनोक सवयीने टेबलाच्या टोकाला बसला आणि आपलं नाव कोणी सुचवेल म्हणून नम्र चेहरा करून थांबला. रेगीनाने निवीचं सुचवलं. एनोकने तिच्याकडे पाहिलं.

"माझ्या सासूबाई आहेत त्या," रेगीना म्हणाली. "त्यांना डावलून मी दिराला बसवू?"

हात वर करायची वेळ आली. आईविरुद्ध हात वर करावा तर गावात तोंड कुठे दाखवायचं, आणि खाली ठेवावा तर तोही विरुद्धच. शेवटी हात आपोआपच वर गेला. निवड एकमताने झाली. निवीने विषयपत्रिका उघडली आणि पहिला विषय धक्क्याचा निघाला.

दुपारी फोन वाजला. पालिकेतली तीच मुलगी होती. अध्यक्ष कोण झालं, तिने विचारलं.

"आमच्या आई," एनोक म्हणाला.

"म्हणजे परिषद राहिली. आनंद झाला ना, काका?"

एनोकने बराच विचार केला.

"आईला विचारून सांगतो," तो म्हणाला.