रिकामा पासवर्ड

लालसू मडावींच्या गावात ग्रामसभेला कोणी गप्प बसले, तर ठराव पुढे जात नाही. गप्प माणसाला पुन्हा विचारतात; तो तरीही बोलला नाही, तर सभा दुसऱ्या दिवशी बसते. हा रिवाज मागासलेपणाचा आहे, हे चौकशी समितीच्या अध्यक्षांनी आलापल्लीच्या बैठकीत चहा येण्यापूर्वीच ठरवून टाकले. 'मौनं संमतिलक्षणम्', असे त्यांनी ऐकवले; संस्कृतात सांगितले की तपासण्याची गरज उरत नाही.

गावाच्या सामूहिक जंगलातले सागवान तोडण्याची परवानगी सरकारी वेबसाइटवर लालसूंच्या नावाने दिली गेली होती. मी दिली नाही, असे ग्रामसभेचे सचिव या नात्याने लालसूंनी एकदा सांगितले आणि ते थांबले. दोष ठरला, तर त्यांचे पद जाणार होते, आणि त्या जंगलाबद्दल ठरवण्याचा गावाचा हक्कही. संगणक खोटे बोलत नाही, असे अध्यक्ष म्हणत राहिले. लालसूंच्या न बोलण्याची त्यांनी कबुली म्हणून नोंद करवली.

दाराजवळ बसलेल्या रिनाचा पाय हलायचा थांबत नव्हता. सावली गावच्या या मुलीकडे नुकतीच ती वेबसाइट सोपवली होती, आणि सकाळपासून ती आधीच्या ठेकेदाराचा पीएचपी कोड वाचत होती. वेबसाइट वापरणाऱ्या सगळ्यांची नावे आणि पासवर्ड असतात डिरेक्टरी सर्व्हरवर. वेबसाइट आलेले नाव आणि पासवर्ड त्याच्याकडे पाठवते. तो 'ठीक' म्हणाला, की दार उघडते. मात्र पासवर्ड रिकामा गेला, तर हा सर्व्हर समोरच्याला अनोळखी पाहुणा मानतो, आणि पाहुण्यालाही 'ठीक'च म्हणतो. हे 'ठीक' नेमके कोणाला, हे विचारण्याचे कष्ट त्या ठेकेदाराने घेतले नव्हते.

रिना उठली. भिंतीवरच्या पडद्यावर तिने अध्यक्षांचे नाव लिहिले, पासवर्डची चौकट तशीच सोडली आणि बटन दाबले. पडद्याने अध्यक्षांचे सहर्ष स्वागत केले. खाली परवानगीचे हिरवे बटन उमटले.

"दाबू का, साहेब? तुमच्या नावानं सागवान तुटन."

अध्यक्ष बोलले नाहीत.

"गप्प काऊन? मौन म्हणजे संमती ना?"

कोणीतरी चहात हसू बुडवले. अध्यक्षांनी पडदा बंद करायला लावला. बाब तांत्रिक आहे, ती योग्य स्तरावर पाहिली जाईल, असे सांगून त्यांनी कारकुनाला मजकूर दिला: चर्चा झाली, दोष कायम, कोणाची हरकत नाही. मग रिवाजापुरती नजर फिरवली. सदस्यांनी कपांत पाहिले. रिनाचा पाय पुन्हा हलू लागला.

कारकुनाने पेन टेकवले, तेव्हा लालसू उभे राहिले.

"माही हरकत हाये," ते म्हणाले. "आन हे सारे गप्प हायेत. सभा उद्या बसन."