तिसऱ्या मजल्यावर कोणी नाही

डोंबिवलीच्या त्या शाळेत मॉक ड्रिल होणार हे आठ दिवस आधीच सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणजे बघा, आमच्याकडे आगसुद्धा वर्दी देऊन येते! फायर ब्रिगेडचे साहेब येणार, घंटेनंतर किती मिनिटांत शाळा रिकामी होते ते घड्याळ लावून बघणार, जवान कुठवर आत पोचतात ते तपासणार आणि सगळं बरोबर भरलं तर कागदावर सही करणार. त्या सहीसाठी मुख्याध्यापिका शीला मॅडमचा जीव टांगणीला लागला होता.

शालन गायकवाडचा जीव मात्र भलत्याच गोष्टीत अडकला होता. शालन शाळेची ग्रंथपाल. पूर्वी ग्रंथालय तळमजल्यावर होतं, तेव्हा येता-जाता कोणीतरी डोकावायचं. मग तिथे कॉम्प्युटर लॅब आली आणि पुस्तकांसकट तिला तिसऱ्या मजल्याच्या पार टोकाला नेऊन ठेवलं. आई गेल्यापासून टिटवाळ्याच्या घरातही ती एकटीच. शनिवारी दुपारी शाळेतून निघाली की सोमवारपर्यंत ती बोलायची ती फक्त भाजीवालीशी. असून अडचण, नसून खोळंबा म्हणतात ना, शालनचं तेवढंही नशीब नव्हतं. ती असून कोणाला अडचण नव्हती आणि नसली तरी कोणाचा खोळंबा होत नव्हता.

घंटा वाजली. शालन उठली, चपला घातल्या आणि पुन्हा खुर्चीवर बसली. बघूया तरी, आपण नाही हे कोणाच्या लक्षात येतं का. मोजणीत एक कमी भरेल, कोणीतरी ओरडेल, "अरे, शालनताई कुठायत?" एवढंच तिला ऐकायचं होतं. एवढं ऐकलं की ती धावत खाली जाणार होती.

पोरं धडाधडा जिना उतरली. मजला शांत झाला तसा शिपाई तानाजी आला आणि जिन्याजवळचा जाळीचा दरवाजा ओढून त्याने कुलूप ठोकलं. मजला रिकामा दिसला की कुलूप, ही त्याची बावीस वर्षांची सवय. टोकाच्या खोलीत डोकावायचं त्याच्या मनातही आलं नाही. शालनने कुलूप लागताना ऐकलं, पण हाक मारली नाही.

ती खिडकीशी गेली. खाली मैदानात रांगा लागल्या होत्या आणि शीला मॅडम माइकवर स्टाफमधल्या एकेकाचं नाव घेत होत्या.

"शालन गायकवाड?"

शालनने खिडकीचा गज घट्ट धरला.

"हजर!" खालून खणखणीत आवाज आला. चौथीच्या वर्गशिक्षिका रुपालीचा. मॅडम लगेच पुढच्या नावाकडे वळल्या.

यादी संपली तसे जिन्यावर बूट वाजले. दोन जवान वर आले, त्यांनी कुलूप हलवून पाहिलं.

"इथं कुलूप आहे रे."

"असू दे. खाली मोजणी बरोबर भरलीय. चल."

बूट खाली उतरत गेले. शालनला रडू फुटलं. पदराने डोळे पुसता पुसता तिला राग आला, आणि बाई गं, काय राग! खरी आग असती तर आपली राख झाली असती आणि त्या राखेच्या नावापुढे हजर लिहिलं गेलं असतं. खाली साहेबांनी खिशातून पेन काढलं.

"साहेब!" तिने गजाला तोंड लावून अशी हाळी दिली की अकराशे पोरांनी माना वर केल्या. "सही करू नका! शालन गायकवाड वर आहे!"

मग जी धावपळ झाली ती विचारू नका. तानाजीच्या जुडग्यात चाळीस किल्ल्या, एक लागेल तर शपथ. साहेबांनी वेळ मोजली. सात मिनिटं.

"घंटा ऐकली नाहीत?" शालन खाली आल्यावर साहेबांनी विचारलं.

"ऐकली. बघत होते, कोणाच्या लक्षात येतं का."

शीला मॅडमचा चेहरा लाल झाला. साहेब मात्र हळूच म्हणाले, "आगीत असं बघायचं नसतं, ताई." मग ते सगळ्यांकडे वळले. "ह्यांना आज सकाळपासून कोणी पाहिलंय?"

स्टाफची त्रेचाळीस माणसं. कोणी बुटांकडे बघतंय, कोणी पोरांच्या रांगा उगाच सरळ करतंय. शेवटी रुपालीने हात वर केला. "मी पाहिलं, सर. सकाळी मस्टरवर सही करताना."

शालन पावणेसातला सही करायची, तेव्हा रुपाली गाडीतसुद्धा बसलेली नसायची. पोरगी वाईट नव्हती. शालनला कोणी बोलू नये म्हणूनच तिने मघाशी ओ दिली होती, आणि आताही ती तेच करत होती. शालनला तिची माया आली आणि त्याच मायेची भीतीही वाटली.

"नको गं, रुपाली," ती म्हणाली. "तू नाही पाहिलंस. कोणीच नाही पाहिलं. लिहू दे त्यांना."

साहेबांनी लिहिलं. मग पेन खिशात ठेवून म्हणाले, "पुन्हा. सगळे आपापल्या जागी."

पोरं कुरकुरत परत फिरली. शालन गुडघे धरत तीन मजले चढली आणि खुर्चीत बसली. घंटा वाजली मात्र, जिन्यावर पावलं धडधडली. आधी तानाजी, त्याच्यामागे रुपाली, धापा टाकत. "ताई, चला! आधी तुम्ही!" तिने शालनचा हात पकडला. कितीतरी दिवसांत शालनचा हात कोणी धरला नव्हता.

"अगं, सोड, उतरते मी," शालन म्हणाली. रुपालीने सोडला नाही. तीन मजले, व्हरांडा, मैदान, हात घट्ट.

यादीवर शालनच्या नावापुढे खूण झाली. रुपालीने हात सोडला आणि ती आपल्या चौथीच्या रांगेकडे पळाली.