इर्जिकीचं जेवण

सोनबाच्या खाचरात आमची औतं उतरली तेव्हा पाऊस बारीक लागून होता आणि राजगडाचा माथा ढगात गेला होता. गुडघाभर चिखल, बैलांच्या पाठीवरून ओघळणारं पाणी, आणि नाना सगळ्यांत म्हातारा असून सगळ्यांच्या पुढं. पानशेतचं धरण फुटल्याला तेव्हा सात-आठ वर्षं झाली असतील. आमची वाडी गडाच्या पाली दरवाजाच्या अंगाला. भातलावणीआधीची चिखलणी आली की आम्ही इर्जिक घालायचो. म्हणजे आज सगळ्या वाडीची औतं एकाच्या खाचरात, उद्या दुसऱ्याच्या. मजुरी कोणी मागत नसे. ज्याचं खाचर त्यानं दिवस कलताना सगळ्यांना पोटभर जेवू घालायचं आणि दुसऱ्याची पाळी आली की आपलं औत घेऊन तिथं हजर व्हायचं.

सोनबाला आम्ही औताच्या फेडीत सवलत दिली होती. बाप गेलेला, धाकटा भाऊ कुंडलिक मुंबईला ढोरांच्या डॉक्टरीला. एकटा माणूस किती जणांच्या चिखलात उतरणार? पण ही सवलत उगाच नव्हती. आमच्याकडं गाय अडली की भोरला माणूस धाडायचा, आणि डॉक्टर येईस्तोवर बहुतेक वेळा कातडं सोलायचीच वेळ आलेली असे. सोनबानं देवळात बेलभंडार उचलून शब्द दिला होता, की भाऊ शिकून परत येईल आणि वाडीची गुरं तोच बघेल. त्या शब्दावर आम्ही सालोसाल त्याचं खाचर सगळ्यांच्या आधी चिखलून दिलं.

त्या दिवशी कुंडलिक शेवटची परीक्षा पास होऊन आला. एस्टीतून उतरला तो सरळ बांधावर. नानाच्या बैलाचा खांदा जुवानं सुजला होता. पोरानं विजार गुडघ्यावर ओढली, चिखलात उतरला, खांद्यावरून असा हात फिरवला की मारका बैल मान खाली घालून उभा राहिला.

"ह्याला औताला जुपू नका, नाना. गळू पिकलंय, उद्या फोडून देतो."

"फोड बाबा. आता तूच आमचा भोरचा दवाखाना," नाना म्हणाला. सोनबा औत थांबवून बघत होता. त्या वेळी त्याचं तोंड बघायला पाहिजे होतं.

संध्याकाळी पडवीत पंगत बसली. सोनबाच्या बायकोनं, साळूबाईनं, कोंबड्याचा रस्सा केला होता. कुंडलिक वाढायला होता. माझ्या शेजारी कोंडिबा. त्याची गाय पहिलारू, पहिल्याच वेताला गाभण.

"कुंडलिका, आमची गाय व्यायची हाय तवा तू हितंच आसशील न्हवं?" कोंडिबानं विचारलं.

कुंडलिकनं भाताचं घमेलं खाली ठेवलं. "न्हाई, कोंडिबाकाका. मला नोकरी लागलीया. गुजरातेत प्राण्यांची बाग हाय. वाघ, बिबटे, अस्वलं."

मला वाटलं, पोरगं चेष्टा करतंय. "वाघ खोकतुया व्हय रं? त्याला काडा पाजायला चाललास?" मी म्हणालो. पंगत हसली. कुंडलिक हसला नाही.

"गेनबाकाका, आमच्या सायबासंगं एक आजारी वाघीण बघायला गेलो व्हतो. गाय दुखलं तर हंबरती, चारा सोडती. वाघीण शेवटपातूर कळू देत न्हाई. तिला काय झालंय ते तिच्या बसण्यावरनं वळखायचं. आमी वळखलं आन ती वाचली. तवापासनं माझं दुसऱ्या कशात मनच लागत न्हाई. ढोरांना डाक्तर मिळतील. त्यांच्यासाटी कोन हाय?"

"मिळतील? कुटं मिळतील?" कोंडिबा म्हणाला. "माज्या दोन कालवडी बिबट्यानं न्हेल्या. त्येला डाक्तर, आन माज्या गायीला कोन?"

सोनबा दारात उभा होता. त्याला आधी काही माहीत नव्हतं, हे त्याच्याकडं बघून कळत होतं. "म्या बेलभंडार उचललाय, कुंडलिका," तो हळू म्हणाला.

"माज्या नावानं शबूद तुमी दिला, दादा. मला कुटं इचारलं?"

"तवा तू ह्याच चिकलाचा भात खात व्हतास. त्यात इचारायचं काय?"

कुंडलिकनं घमेलं उचललं आणि पुढच्या पानावर भात वाढला. सकाळी त्यानं नानाच्या बैलाचं गळू फोडलं, जखम धुतली, औषध भरलं, साळूबाईच्या पाया पडला आणि गेला. काम मात्र झकास केलं होतं, आणि त्याचाच मला जास्त राग आला. हात चांगला नसता तर आम्ही म्हटलं असतं, गेला ते बरं झालं.

कोंडिबाची गाय पुढं अडली. वासराचं डोकं मागं वळलेलं. सोनबाच धावत गेला, मिळेल त्या एस्टीनं भोर गाठलं, डॉक्टर घेऊन आला. तोवर गाय गोठ्यात थंड पडली होती. कोंडिबानं सोनबाकडं न बघता गायीच्या गळ्यातलं दावं सोडलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या साली चिखलणी आली. सोनबा घरोघर सांगून गेला, नेहमीसारखा. आम्ही सगळे गेलो, कोंडिबासुद्धा. इर्जिकीला नाही म्हणायची आमच्यात पद्धत नाही. दिवसभर औतं चालली, पण एकाच्याही तोंडून गाणं निघालं नाही. दिवस कलला, बैल ओढ्यावर धुतले, आणि नाना आपली जोडी घेऊन सोनबाच्या दारावरून सरळ पुढं गेला. त्याच्यामागं कोंडिबा. मग मीही, आणि बाकीचे. आम्ही काही ठरवलं नव्हतं. बेलभंडार उचलून फसवल्यावर त्या घरचं अन्न गळ्याखाली उतरत नाही, इतकंच. मला त्याचं आजही वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते साळूबाईचं. पडवीत पाट मांडून, हातात पाण्याचा तांब्या घेऊन ती उभी होती.

सकाळी मी उठून बघतो तर सोनबा कोंडिबाच्या खाचरात. कोणी बोलावलं नव्हतं. एकटाच औत हाकत होता. त्यानंतर नानाचं खाचर धरलं, मग माझं. भावाच्या शिक्षणापायी जितकी सवलत घेतली होती, तितकी तो फेडत सुटला होता. त्या पावसात स्वतःची लावणी त्यानं सगळ्यांच्या मागून केली, रोपं पिवळी पडल्यावर.

माझं खाचर झालं त्या संध्याकाळी मलाच राहवलं नाही. बायकोला म्हटलं, ताट वाढ. बांधावर जाऊन सोनबाला हाक मारली.

"सोनबा, चल. दोन घास खाऊन जा."

तो औत खांद्यावर घेत होता. माझ्याकडं बघून त्यानं डोक्यावरची घोंगडी सारखी केली.

"न्हाई, गेनबादादा," तो म्हणाला. "इर्जिकीला ज्येवायची रीत आता आपल्या वाडीत न्हाई."

आणि बैल हाकत घराकडं गेला. वाढलेलं ताट मी बैलाच्या गव्हाणीजवळ ठेवलं.