बोटीवरून घातलेलं गाऱ्हाणं

समुद्रावर जाऊन माणसाने काय बघावं? समुद्र बघावा. आमचे हे मोबाईल बघत होते.

२००७ सालच्या मार्चमधली गोष्ट. आमच्या सलिलने, म्हणजे मुंबईला नोकरी करणाऱ्या आमच्या मुलाने, आम्हा दोघांना तीन रात्रींची क्रूझ काढून दिली होती. मुंबईहून गोवा, तिथून लक्षद्वीप आणि परत मुंबई. अकरा मजली बोट! लिफ्ट, पोहायचा तलाव, जेवायला इतके पदार्थ की ताट हातात घेऊन माणसाने नुसतं फिरत राहावं. आमचं घर रत्नागिरीजवळच्या वाडीत, अंगणातून समुद्राची गाज ऐकू येते. पण त्या समुद्रावर मी जन्मात कधी बोटीत पाय ठेवला नव्हता. बोट सुटली तेव्हा मी कठड्याला धरून उभी होते आणि चक्क लहान पोरीसारखी ओरडले. हे खाली मान घालून म्हणाले, "अजून दोन कांड्या आहेत रेंजच्या."

यात मला हसू यायचं कारण वेगळं. मी रत्नागिरीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये सव्वीस वर्षं ऑपरेटर होते. लोकांचे ट्रंक कॉल जोडता जोडता केस पिकले माझे. हे तेव्हा अलोऱ्याला, वीजप्रकल्पाच्या कॉलनीत नोकरीला होते आणि शनिवारच्या एसटीने घरी यायचे. मधे एखाद्या बुधवारी ह्यांचा तीन मिनिटांचा कॉल यायचा, तो थेट माझ्याच बोर्डावर. आणि त्या तीन मिनिटांत चिंतामणरावांनी काय विचारावं? कलमांना मोहोर आला का, म्हैस कशी आहे, पंपाचं काय झालं. 'तू कशी आहेस' हे काही तीन मिनिटांत कधी बसलं नाही. माझा राग नव्हता हो त्यावर. पण लक्षात राहिलं, एवढं खरं.

दुसऱ्या दिवशी बोट गोव्याला लागली आणि ह्यांचा फोन वाजला. सलिल होता. तो सुट्टी काढून गावी आला होता शिमग्याला. ह्यांनी दोन मिनिटं ऐकलं आणि खुर्चीत बसकण मारली.

"काय झालं?" मी जवळ जाऊन विचारलं.

"वरच्या वाडीत सुतक आलंय. तिथली घरं मागे ढकलली. पालखी आपल्याकडे दोन दिवस आधी येणार. परवा दुपारी."

शिमग्यात ग्रामदेवाची पालखी घरोघर येते, हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. आमच्या वाडीची रीत मात्र सांगते. पालखी अंगणात टेकली की देवाला गाऱ्हाणं, म्हणजे घरादारासाठीचं मागणं, त्या घरातल्या वडीलधाऱ्याने घालायचं. वडील माणूस हयात असताना मुलाने घालायचं नाही. तो हजर नसला तर भावकीतला पुढचा थोरला घालतो आणि मग मान त्याच्याकडे जातो. तसं एकदा झालं होतं. माझे सासरे आजारी असताना त्यांच्या चुलतभावाने गाऱ्हाणं घातलं, आणि तो मान परत आमच्या अंगणात यायला अकरा वर्षं लागली. त्या चुलतभावाचा मुलगा आत्माराम. त्याचं घर आमच्या शेजारीच, मधे फक्त एक दगडी गडगा. आणि आता ह्यांच्यानंतरचा थोरला तोच. म्हणून तर ह्यांनी पालखीचा दिवस दोनदा विचारून घेतला होता आणि मगच बोटीला होकार दिला होता. अलोऱ्याहून, तापात असतानासुद्धा, ह्यांनी एक शिमगा चुकवला नव्हता.

"आत्माराम काय म्हणतो?" मी विचारलं.

"म्हणतो, मी आहे ना, दादाला सांग काळजी करू नको." ह्यांनी दात खाल्ले. "बघितलंस? टपूनच बसला होता."

"मग उतरा इथे. गाडी करून जाऊ."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं, मग समुद्राकडे. "नको. तुझी एवढी हौस आहे."

मला बरं वाटलं आणि वाईटही वाटलं. पण वाईट वाटून घेत बसायचा माझा स्वभाव नाही. सव्वीस वर्षं मी दुसऱ्यांच्या लाइनी जोडल्या. स्वतःच्या नवऱ्याची एक जोडता येऊ नये?

मी उठले आणि काशीरामला गाठलं. हा आमच्या मजल्यावरच्या खोल्या बघायचा. पन्नाशीचा माणूस, दाभोळकडचा, सगळं आयुष्य बोटींवर गेलेलं. त्याला मी सरळ विचारलं, "परत येताना बोट रत्नागिरीवरून कधी जाते?"

"परवा चारच्या सुमाराला, बाई."

"किनाऱ्याला रेंज मिळेल इतक्या जवळून?"

तो हसला. "आमी गाववाले तितंच तर घरी फोन लावतो. मागच्या डेकवर, उजव्या अंगाला जायाचं. भगवतीच्या किल्ल्यासमोर अर्धा-पाऊण तास मिळतो. मधीमधी तुटतो, पन मिळतो."

मी धावतच ह्यांच्याकडे आले. "फोन लावा सलिलला. पालखी चारला अंगणात पाहिजे. तुम्ही इथून गाऱ्हाणं घालणार!"

"फोनवरून? देवाला?"

"का? फोनवरून म्हशीची चौकशी चालते, मग देवाला काय झालं?"

सलिलने ऐकलं आणि तो हसतच सुटला. पण पोरगं कामाला लागलं. संध्याकाळी बोट गोव्याहून सुटता सुटता त्याचा फोन आला. गंगाराम गावकर, पालखीचा मुख्य मानकरी, त्याच्यासमोर विषय निघाला होता. कोणी म्हणालं असं कुठे असतं का, कोणी म्हणालं देव काय म्हणेल. गंगाराम शेवटी म्हणाला, "आवाज त्याचाच हाय ना? मंग झालं. पन आवाज आला नाय, तर पालखी खोळंबायची नाय. थोरला हजर आसंल तो घालील." थोरला म्हणजे कोण, ते ह्यांना कोणी सांगायला नको होतं.

मग रेंज गेली ती गेलीच. लक्षद्वीपला पाणी कसं होतं म्हणून सांगू! हिरवं, निळं, आणि तळाची वाळू दिसेल इतकं नितळ. मी गुडघाभर पाण्यात उभी राहून मासे बघत होते आणि हे किनाऱ्यावर डोळे मिटून गाऱ्हाणं घोकत होते. चाळीस वर्षं जे झोपेतही म्हणता आलं असतं, ते आता ह्यांना अडत होतं. खोलीतल्या न्हाणीघरात दार लावून म्हणायचे, तर मधेच मला हाक. "अगो, चुकीमाकीच्या आधी गुराढोरांचं की कलमांचं?"

"गुराढोरांचं," मी म्हणायची. बाईमाणसाने गाऱ्हाणं घालायचं नसतं. पण ऐकायला कोणी बंदी केलेली नाही ना!

चौथ्या दिवशी तीनलाच आम्ही मागच्या डेकवर. वारा असा, की पदर कमरेला खोचावा लागला. काशीराम मुद्दाम वर आला होता. फोनची बॅटरी भरलेली, ह्यांनी डोक्याला टोपी घातलेली. पावणेचारला उजवीकडे धुरकट रेघ दिसायला लागली आणि मी कठड्याशी धावले. आपलं गाव! आयुष्यभर मी तिथून इकडे बघितलं होतं, आज इथून तिकडे बघत होते.

"एक कांडी!" हे ओरडले. "दोन!"

सलिलने पहिल्याच रिंगला उचलला. ढोल इतके वाजत होते की त्याला ओरडावं लागत होतं. "बाबा, पालखी आत्माराम काकांच्या अंगणात आहे! आत्ताच आली!"

ह्यांचा चेहरा पडला. "संपलं. तिथे अर्धा तास नाचवतील. मुद्दाम नाचवतील."

मी घड्याळ बघत होते. चार वाजून पाच. दहा. फोन एकदा तुटला, परत लावला. पुन्हा तुटला, पुन्हा लावला. काशीराम कठड्याला टेकून देवाचं नाव घेत होता. आणि एकदम फोनमधला ढोल मोठा झाला, मोठा झाला आणि थांबला.

"बाबा, आली! आपल्या अंगणात टेकली! मोबाईल स्पीकरवर टाकून पालखीसमोर धरलाय. बोला!"

ह्यांनी चपला काढल्या. तिथे, बोटीच्या डेकवर, पोहायच्या कपड्यांतल्या माणसांत. टोपी नीट केली, डोळे मिटले आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली.

"हे बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" फोनमधून अख्खी वाडी गरजली.

"आज तू पायरी उतरून लेकराच्या अंगणात आलास, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"लेकरांना, सुनांना, नातवंडांना सुखात ठेव. गुराढोरांना, कलमांना सांभाळ, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" हा आवाज नुसता फोनमधून नव्हता. काशीराम शेजारी हात जोडून ओरडला होता. आजूबाजूचे चार गुजराती प्रवासीही काही न कळता हात जोडून उभे होते.

"जी काय चुकीमाकी झाली आसंल ती पदरात घे, म्हाराजा!"

काहीच नाही. नुसता वारा.

ह्यांनी डोळे उघडले. फोनच्या पडद्यावर एकही कांडी नव्हती. हे वाकले, हात उंच केला, डेकच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अनवाणी पळाले. मी मागोमाग. "लागेल हो, लागेल," मी म्हणत होते. शेवटचा 'व्हय म्हाराजा' मिळाल्याशिवाय गाऱ्हाणं पुरं होत नाही. आणि अर्धं राहिलेलं गाऱ्हाणं पुरं कोण करणार, ते उघड होतं.

सात मिनिटांनी फोन आपणहून वाजला.

"बाबा, तुमचा आवाज मधेच गेला," सलिल म्हणाला. "उरलेलं आत्माराम काकांनी घातलं."

हे बाकावर बसले. मग हळूच विचारलं, "कोणाच्या नावाने?"

"तुमच्याच! आणि बाबा, पालखी त्यांच्या अंगणात टेकूसुद्धा दिली नाही त्यांनी. म्हणाले, बोट थांबणार नाय, आधी दादाकडे न्या. माझ्याकडे मागून या."

फोनमध्ये खरखर झाली आणि आत्माराम आला. "दादा, मान तुझाच हाय. गंगारामान सगळ्यांसमोर सांगितलान. माझ्या बापाशी तुमचा काय झाला तो झाला, मला नको त्यातला काय." ह्यांनी तोंडावर हात धरला. तिकडून तो पुढे म्हणाला, "पन एक मी पदरचं मागितलं हां. वयनी हाय काय तितं?"

ह्यांनी फोन आमच्या दोघांच्या कानांमधे धरला.

"मी म्हटलं, हे बा देवा, आमची वयनी जन्मात पहिल्यांदा फिराया भायर पडलीय, आनी आमचा दादा नुसता फोन बघत बसला आसंल. तर आता हितून मुंबयपर्यंत त्याचा फोन लागूच देव नको, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मागून अख्खं अंगण हसत ओरडलं. त्यात सलिलचा आवाज सगळ्यांत मोठा.

आणि फोन तुटला. खरंच तुटला! लाइन तुटल्याचा आनंद मला आयुष्यात पहिल्यांदा झाला. मी इतकी हसले की डोळ्यांतून पाणी आलं, आणि ह्यांच्याही डोळ्यांत पाणी होतं, ते मात्र हसण्याचं नव्हतं.

पुढे जयगडसमोर परत रेंज आली की नाही, मला माहीत नाही. ह्यांनी फोन बंद केला आणि माझ्या पर्समध्ये टाकला. चपला घातल्या. कठड्याला माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. रत्नागिरीची रेघ मागे पडत होती, समोर सगळा समुद्र उन्हात चमकत होता. बराच वेळ बघत राहिले, जणू आत्ताच कोणीतरी तो तिथे आणून ठेवला होता.

मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "काय गो, कशी आहेस तू?"

तीन मिनिटांत सांगून होण्यासारखं ते नव्हतं. पण मुंबई यायला अजून सात तास होते.